गुणवार तुकड्या पाडून काय साधणार?

गणितवाली, कोथरूड:
काल इथे एकांनी लिहिलं, "गुणांप्रमाणे अ, ब, क तुकड्या पाडा, मागे पडलेले आणि पुढे असलेले, दोघांचंही भलं होईल." मला हे अजिबात पटलेलं नाही. वजाबाकीच घ्या. ५२ वजा २८ चं उत्तर ३६ काढणारं मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असतं. त्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्या करू द्या. मग ५२ वजा २५, म्हणजे अंक उलटवून. उत्तर ९च्या पाढ्यात यायलाच हवं. ३३ आलं तर चूक त्याची त्यालाच सापडते. त्याच तासाला, त्याच वर्गात पुढच्यांच्या गटाला गणिती कापरेकरांची रीत: तीन अंक, सगळे सारखे नकोत; उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा, उत्तराला पुन्हा तेच. फार तर सहा पायऱ्यांत ४९५. मधला अंक दर वेळी ९च का, हे त्यांनी पटवून द्यायचं. देवळालीच्या या शाळामास्तरांची ही देणगी, आणि आपण तुकड्या पाडतोय!

हडपसरकर:
ताई, पस्तीस मिनिटांची तासिका, साठ मुलं. काड्या वाटणार कधी? आणि २११ घेतलं की ९९ येतं, तिथेच गाडी अडते.

गणितवाली, कोथरूड:
०९९ लिहायचं. तिथे अडलेल्या मुलाची स्थानिक किंमत कच्ची आहे, हे तुम्हाला आयतंच कळतं.

पेठकर:
खरं दुखणं शिष्यवृत्ती परीक्षेचं आहे! जादा तास फक्त गुणवत्ता यादीत येऊ शकणाऱ्यांना. ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पर्याय रंगवायच्या या घाईला हुशार मुलांसाठीचं आव्हान म्हणायचं?

हडपसरकर:
शिष्यवृत्तीला नावं ठेवू नका. खासगी क्लास न परवडणाऱ्या मुलाला बुद्धिमत्तेचे प्रश्न दुसरीकडे कुठे भेटतात? पेठेत बसून बोलणं सोपं आहे.

पेठकर:
पेठ काढू नका. प्रश्न भेटू देत की, पण सगळ्या वर्गाला. आठवड्याला पाच प्रश्न, घड्याळ न लावता, चुकीचे तीन पर्याय का चुकीचे तेही सांगायचं.

हडपसरकर:
हे चालेल. ताईंची रीतही बरी आहे, तेवढं मान्य. पण गट बदलायची तारीख आधी ठरवा. नाहीतर जूनमध्ये पडलेला गट मार्चपर्यंत तसाच राहतो आणि ती तुकडीच होते.

गणितवाली, कोथरूड:
दर पंधरा दिवसांनी पाच वजाबाक्या. त्यातल्या दोन ४०३ वजा १५८ सारख्या, शून्यावरून हातचा घ्यायच्या. चार बरोबर आल्या की त्याच दिवशी गट बदलायचा.