कार्डाने द्यायचं तर किमान किती? तुमचे अनुभव लिहा

पोवईनाका (धागाकर्ता): साताऱ्यात राजवाड्याजवळ पाव किलो कंदी पेढे घेतले. कार्ड पुढे केलं तर गल्ल्यावरचे काका म्हणाले, "तीनशेच्या खाली कार्ड चालत न्हाई." खिशात वीसच्या दोन नोटा, मोबाइल घरी चार्जिंगला. शेवटी अर्धा किलो केले, वर चिवड्याचं पाकीट. मावशी म्हणाली, "एवढं कशाला आणलंस रे?" काय सांगणार! हा तीनशेचा आकडा येतो कुठून? तुम्हाला कुठे भेटला?

गणपतीपेठकर: सांगलीत किराणा दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू. क्रेडिट कार्डावर माझे साधारण २ टक्के कापले जातात. म्हणजे शंभराला २ रुपये. दुधाच्या पिशवीत मला तेवढे सुटतही नाहीत. मशीनचं भाडं वेगळं.

कृष्णाकाठ: पण टक्का तो टक्काच की हो. हजारावरही तेच दोन जाणार. मग दोनशेला नको आणि तीनशेला चालतं, हे कसं?

गणपतीपेठकर: बरोबर पकडलंत. पन्नासचं गिऱ्हाईक दूध-बिस्किटं नेतं, त्यात मार्जिन बारीक. पाचशेच्या बिलात मसाले, काजू-बदाम असतात, तिथं दोन टक्के सोसतात. शिवाय संध्याकाळच्या गर्दीत मशीनला रेंज येईपर्यंत मागची दोन माणसं निघून जातात. आणि आता खरं सांगतो, तीनशेची पाटी मी शेजारच्याची बघून लावली.

मिरजकरीण: सराफाकडे उलटा कारभार! किमान वगैरे काही नाही, पण कार्ड दिसलं की दोन टक्के वर. अंगठीच्या बिलावर साडेआठशे होत होते. एटीएमला दोन फेऱ्या मारल्या, पण दिले नाहीत.

हायवेवरचा: पेट्रोलला अट बँकेचीच. कार्डावर १ टक्का अधिभार लागतो, तो माफ होतो. पण माझ्या कार्डाला बिल निदान चारशेचं लागतं. कऱ्हाडला जाताना तीनशेचं टाकलं आणि स्टेटमेंट आल्यावर कळलं.

विश्रामबाग: रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडा, २०२२ पासून सोय आहे. दोन हजारांपर्यंत छोट्या दुकानदाराला कट नाही, त्यामुळे तोही कुरकुरत नाही. मी पंधरा रुपयांचा चहा त्यावर पितो. फक्त क्यूआर दुकानाच्या नावाने काढलेला हवा. मालकाने आपल्या घरच्या खात्याचा चिकटवला असेल तर क्रेडिट कार्ड घेत नाही, आणि टपरीवर नेमका तोच असतो.

कृष्णाकाठ: बहीण अमेरिकेत असते. तिथे २०१० च्या कायद्याने दुकानदाराला क्रेडिट कार्डासाठी १० डॉलरपर्यंत किमान खरेदीची अट घालता येते. ही मुभा डेबिट कार्डाला नाही. तीही म्हणे दहा भरवायला गल्ल्याजवळचं चॉकलेट उचलते. म्हणजे तुमच्या चिवड्याचीच बहीण!

गणपतीपेठकर: पाटी शंभरवर आणू का मग? बायको नको म्हणतेय.

पोवईनाका (धागाकर्ता): आज मावशीने परत पाठवलं. शहाणपणा करून रोख नेली, पाचशेची नोट. काकांनी गल्ला उघडला, बंद केला, आणि म्हणाले, "सुट्टे न्हाईत. कार्ड न्हाई का?"