कॉलेजचा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये चालेल का, हे आधी ओळखता येतं का?

तिसरा_डाऊन

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले, म्हणजे एनएफएलमधले, संघ दरवर्षी ड्राफ्टमधून कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत पाच क्वार्टरबॅक (पास टाकणारे, आक्रमण चालवणारे खेळाडू) उचलले गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स, मॅक जोन्स. २०२५ चा मोसम सुरू झाला तेव्हा लॉरेन्स सोडला तर एकही जण त्याला निवडणाऱ्या संघात उरला नव्हता. यावरून "ड्राफ्ट म्हणजे मटकाच" असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. उत्तर बहुतेक वेळा टेपमध्ये, म्हणजे सामन्यांच्या चित्रफितीत, असतं. आपण चेंडू कुठे पडला ते बघत बसतो आणि चेंडू सुटण्याआधीचे अडीच सेकंद बघायचे राहून जातात.

आधी मैदान समजून घ्या. रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. पण हॅशमार्क, म्हणजे प्रत्येक डाव ज्यांच्या मधून सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगा, कॉलेजात एकमेकींपासून ४० फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंचांवर. कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असला की डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे तब्बल १०० फूट रान मोकळं. ही रुंद बाजू कोण सांभाळणार हे बचावाला बरंचसं आधीच दाखवावं लागतं. एनएफएलमध्ये चेंडू जवळपास मध्यावर, दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, स्नॅप होईपर्यंत (चेंडू मागे देऊन डाव सुरू होईपर्यंत) पत्ते उघडत नाहीत.

दुसरं, पास सुटण्याआधी लाइनमनने (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या पुढच्या रांगेतल्या खेळाडूने) किती पुढे जायचं याची मर्यादा कॉलेजात ३ यार्ड, एनएफएलमध्ये १ यार्ड. आरपीओ, म्हणजे एका लाइनबॅकरकडे (बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूकडे) बघून धाव की पास हे ऐन वेळी ठरवायचा डाव, या जादा २ यार्डांवरच जगतो. लाइनमन धावेसाठी ब्लॉक करत पुढे सरकतात, लाइनबॅकर फसून पुढे येतो, त्याच्या पाठीमागची जागा उघडते. एनएफएलमध्ये तोच डाव अर्धा सेकंद रेंगाळला की दंड.

म्हणून मोजायची पद्धत अशी. एका सामन्यात समजा ३२ थ्रो आहेत. त्यातून स्क्रीन (ब्लॉकर पुढे ठेवून टाकलेले अगदी आखूड पास), डाव सुरू होतो त्या रेषेच्या मागे झेललेले पास आणि आरपीओ वजा करा. कित्येकदा १८-२० उरतात. त्यातले तिसऱ्या डाऊनला (१० यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) ७ किंवा जास्त यार्ड हवे असतानाचे थ्रो वेगळे काढा. सामन्याला चार-पाचच निघतील, पण दोन मोसम मिळून शंभराच्या आसपास जातात. तेवढे पुरेसे आहेत.

आता त्यातला एक डाव शेवटच्या रेषेमागच्या कॅमेऱ्यातून थांबवून थांबवून बघा. दोन सेफ्टी खोल उभे आहेत. स्नॅप होताच त्यातला एक खाली उतरतो, नेमका तिथे जिथे पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) आत वळणार आहे. तयार क्वार्टरबॅक शेवटचं पाऊल टेकेपर्यंत हे टिपतो, आणि त्याचं डोकं व पुढचा पाय एकदमच दुसऱ्या रिसीव्हरकडे वळतात. डोळे नव्या दिशेला आणि पाय जुन्याच दिशेला राहिले तर थ्रो भरकटतो. कच्चा क्वार्टरबॅक पहिल्यावरच नजर खिळवून जागच्या जागी एक-दोन पावलं जास्त नाचतो, मग नजर खाली घालतो आणि अंगावर येणाऱ्या बचावपटूला बघतो. नजर खाली गेली की तो पासचा डाव राहिलाच नाही.

लान्सचे नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये १७ स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेले सामने) होते आणि एकूण ३१८ पास. असले डाव त्यात कितीसे सापडणार? त्याच्यासाठी फोर्टीनाइनर्सनी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या.

पश्चिमवारा

धागा मुद्देसूद आहे, पण निष्कर्षाशी साफ असहमत. टेपवरून खेळाडू कळतो, कारकीर्द कळत नाही. कारकीर्द संघ घडवतो.

सॅम डार्नॉल्ड २०१८ ला तिसरा निवडला गेला. जेट्स, मग पँथर्स, सगळीकडून "संपला" असा शिक्का. २०२४ मध्ये मिनेसोटात केव्हिन ओकॉनेलसारखा प्रशिक्षक आणि जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर मिळाला, तर १४ विजय, ३ पराभव आणि ३५ टचडाऊन पास. त्याच ड्राफ्टचा पहिला खेळाडू बेकर मेफील्ड. ब्राउन्सनी सोडलं, पँथर्सनीही सोडलं, आणि २०२४ मध्ये टँपामध्ये ४१ टचडाऊन पास, ७१.४ टक्के पास पूर्ण. यातलं काय दिसलं होतं तुम्हाला त्यांच्या कॉलेजच्या टेपमध्ये?

उलट बाजू बघा. डेव्हिड कार, २००२ चा पहिला खेळाडू, नव्याने उभा राहिलेला टेक्सन्स संघ. पहिल्याच मोसमात ७६ सॅक, म्हणजे पास सुटण्याआधीच पाडलं जाणं. इतके वेळा आडवा झालेला माणूस दुसऱ्या रिसीव्हरकडे बघायचंच विसरतो, कारण शरीर आधी स्वतःला वाचवायला शिकतं. ॲलेक्स स्मिथ, २००५ चा पहिला. सुरुवातीच्या वर्षांत दर मोसमाला नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव आखणारा प्रशिक्षक). प्रत्येक वेळी डावांची नवी नावं, पावलांचे नवे हिशेब. पहिल्या वर्षी १ टचडाऊन पास आणि ११ इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास). २०११ मध्ये जिम हार्बॉ आला आणि तोच स्मिथ १३ विजय, ३ पराभव करून गेला.

आकडेमोड

दोघांनीही आकड्यांना बगल दिली आहे, म्हणून थोडं त्याबद्दल.

डेव्हिड लेविन या विश्लेषकाने २००६ मध्ये दाखवलं होतं की पहिल्या दोन फेऱ्यांत निवडलेल्या क्वार्टरबॅकसाठी दोनच गोष्टी खरोखर उपयोगी पडतात: कॉलेजातले स्टार्ट आणि पास पूर्ण होण्याची टक्केवारी. "पहिल्या दोन फेऱ्या" ही अट फार महत्त्वाची आहे आणि लोक नेमकी तीच विसरतात. स्टार्टचे ढीग घालूनही ड्राफ्टमध्ये नाव न आलेले क्वार्टरबॅक पुष्कळ आहेत. हात कमकुवत असलेल्यांना स्काउटांनी आधीच बाजूला काढलेलं असतं. जे उरतात, त्यांच्यात स्टार्टची संख्या बोलते. स्टार्ट जास्त म्हणजे नुसता अनुभव जास्त असंही नाही. टेप जास्त मिळाल्यामुळे स्काउटांची चूक होण्याची शक्यता कमी होते. मिचेल ट्रुबिस्की २०१७ ला दुसरा गेला तेव्हा त्याच्या नावावर फक्त १३ स्टार्ट होते. त्याच्यानंतर दहावा पॅट्रिक माहोम्स.

पण आज हा आकडा तसाच वापरता येत नाही. कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष, कॉलेज बदलण्याची मोकळीक, २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा, यामुळे मुलं पाच-पाच वर्षं कॉलेजात खेळतात. बो निक्सचे ६१ स्टार्ट झाले, जेडन डॅनियल्सचे ५५. तेविसाव्या वर्षी एकोणीस-वीस वर्षांच्या बचावपटूंसमोर चमकणं आणि विसाव्या वर्षी चमकणं यांत फरक करायलाच हवा. स्टार्टच्या शेजारी वयाचा रकाना ठेवा.

टक्केवारीचंही तेच. सुरुवातीच्या रेषेमागचे पास तिला फुगवतात. धागाकर्त्यांनी सांगितलेली वजाबाकी केल्याशिवाय ती वाचू नका.

आणखी एक सापळा. कॉलेजच्या नोंदीत सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावेतून वजा होतात, एनएफएलमध्ये ते वेगळे मोजतात. त्यामुळे "हा मोसमात जेमतेम ५० यार्ड धावला" हे वाचून पाय नाहीत असं ठरवू नका. कदाचित तो २५० यार्ड धावला असेल आणि २०० सॅकमध्ये गेले असतील. दोन्ही आकडे वेगळे केले की अगदी निराळा खेळाडू समोर येतो. त्यातून मला सगळ्यात उपयोगी वाटणारा आकडा निघतो: दबाव आलेल्या डावांपैकी किती डाव सॅकमध्ये संपले. दबाव लाइनमुळे येतो, पण त्याचा सॅक होऊ द्यायचा की नाही हे बरंचसं क्वार्टरबॅकच्या हातात असतं.

बौद्धिक चाचण्यांवर मात्र विसंबू नये. ५० प्रश्न आणि १२ मिनिटांची वंडरलिक चाचणी कंबाइनमधून, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी-शिबिरातून, २०२२ मध्ये बंदच झाली. २०२३ ला सी. जे. स्ट्राउडचे एस-टू या आकलन-चाचणीतले कमी गुण बाहेर फुटले आणि गदारोळ झाला. त्याच मोसमात त्याने २३ टचडाऊन पास टाकले, इंटरसेप्शन फक्त ५.

लांबपल्ला

सगळे डोळ्यांबद्दल आणि पायांबद्दल बोलताय, हाताचं काय? जॉश ॲलनची वायोमिंगमधली टक्केवारी ५६.२ होती. वरचे सगळे निकष लावले असते तर तो पहिल्या फेरीतून बाद झाला असता. बफेलोने २०१८ ला सातवा घेतला. ५२.८, मग ५८.८, मग २०२० मध्ये ६९.२ टक्के. २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू. पावलं शिकवता येतात, कोपराची जागा बदलता येते, पण ६ फूट ५ इंच उंची आणि तो हात कोणता प्रशिक्षक आणून देणार?

हाताची ताकद बघायची तर प्रो-डेचा (स्काउटांसमोर कॉलेजात होणाऱ्या प्रात्यक्षिकाचा) ७० यार्डांचा गोळा बघू नका. तिथे समोर बचावच नसतो आणि थ्रोंची यादी आधी ठरलेली असते. कॉलेजच्या टेपमध्ये दूरच्या हॅशवरून टाकलेला आउट (बाजूरेषेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला पास) शोधा. चेंडू डाव्या हॅशवर, क्वार्टरबॅक ७ यार्ड मागे, रिसीव्हर १२ यार्ड पुढे जाऊन उजव्या बाजूरेषेच्या ३ यार्ड आत झेलतोय. कागदावर १२ यार्डांचा पास, पण चेंडू हवेत जवळपास छत्तीस यार्ड कापतो. एनएफएलच्या हॅशवरून हेच अंतर तेहतिसाच्या आत येतं. म्हणजे कॉलेजात जो हा थ्रो सपाट मारतो, त्याच्या हाताबद्दल शंका उरत नाही. चेंडू कमान करून गेला की कॉर्नर (बाजूचा बचावपटू) मध्ये घुसतो आणि सरळ धावत सुटतो. बरेच संघ हा थ्रो डावांच्या यादीतच ठेवत नाहीत. तो नसणं हीसुद्धा माहितीच.

तिसरा_डाऊन

@लांबपल्ला, दूरच्या आउटचा हिशेब अगदी बरोबर, तो माझ्या यादीत हवाच होता. पण ॲलनला नियम बनवू नका. तसलाच तोफेसारखा हात जमार्कस रसेलकडेही होता. २००७ चा पहिला खेळाडू, तीन मोसमांत खेळ संपला. आणि ॲलन सुधारला तो सलग चार वर्षं एकाच कोऑर्डिनेटरच्या, ब्रायन डेबोलच्या हाताखाली. तिसऱ्या वर्षी रिसीव्हर स्टेफॉन डिग्स आला. ५६ टक्क्यांचा खेळाडू घेताना तुम्ही ही सगळी गुंतवणूकही घेत असता.

@पश्चिमवारा, संघ घडवतो म्हणता, तर एकाच संघातलं उदाहरण देतो. ट्रे लान्स आणि ब्रॉक पर्डी. दोघांना तोच प्रशिक्षक काइल शॅनहान, तेच डाव, तेच रिसीव्हर. पर्डी २०२२ ला २६२ वा, म्हणजे ड्राफ्टमधला शेवटचा. हात साधाच. पण आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळलेला. पहिला रिसीव्हर बंद दिसला की त्याचे पाय डोळ्यांबरोबर वळतात, आणि बचावपटू अंगावर आदळणार हे ठाऊक असूनही तो मधल्या पट्ट्यात वेळेवर चेंडू सोडतो. दुसऱ्याच मोसमात सुपर बोल खेळला. परिस्थिती सारखी, निकाल वेगळा.

पश्चिमवारा

सारखी कुठे? लान्सला फोर्टीनाइनर्सकडून दोन वर्षांत चार स्टार्ट मिळाले आणि २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला. चार सामन्यांवर निकाल लावायचा, मग १७ स्टार्ट कमी पडतात अशी तक्रार कशाला? शिवाय पर्डीबद्दल तुम्ही जे आता सांगताय ते टेपमध्ये इतकं उघड होतं तर बत्तीस संघांनी मिळून त्याला २६१ वेळा का टाळलं? टॉम ब्रेडी २००० ला १९९ वा गेला, तिथेही हेच. मागून बघताना सगळं स्वच्छ दिसतं.

@आकडेमोड, दबाव आणि सॅक यांबद्दल. केलेब विल्यम्सला २०२४ मध्ये शिकागोत ६८ सॅक झाले. सगळे म्हणाले, चेंडू हातात धरून ठेवायची खोड कॉलेजपासूनची आहे. पुढच्या वर्षी बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आला, लाइनच्या मधल्या तिन्ही जागांवर नवे खेळाडू उभे केले, आणि सॅक खूपच खाली आले. खोड खेळाडूची होती की व्यवस्थेची?

आकडेमोड

दोन्हीची. जॉन्सनने क्वार्टरबॅकला चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या अगदी पाठीशी जास्त उभं केलं, प्ले-ॲक्शन (धावेची हूल देऊन पास) वाढवली, पहिलं उत्तर लवकर मिळेल असे डाव दिले. म्हणजे खोड होती हे मान्य करूनच उपाय केला ना? कॉलेजातला हा आकडा पाहून खेळाडूवर फुली मारू नये हे मला मान्य. पण त्याला घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून डावपत्रक त्यानुसार लिहावं. जेडन डॅनियल्सच्या बाबतीतही दबावाखाली सॅक फार होतात ही भीती होतीच. वॉशिंग्टनने चेंडू झटपट सुटेल असं आक्रमण रचलं, पाय वापरायची मोकळीक दिली, आणि पहिल्याच मोसमात १२-५.

मेधा_डी

चर्चेत पैशाचा मुद्दा आला नाही म्हणून लिहिते. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांचा ७८ दशलक्ष डॉलर्सचा करार. २०११ ला नवीन खेळाडूंच्या मानधनाला मर्यादा आली आणि पहिल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २२ दशलक्ष. तेव्हापासून स्वस्त क्वार्टरबॅकची ती चार वर्षं, फार तर पर्यायी पाचवं, हाच संघांचा खजिना झाला. वाचलेल्या पैशात महागडे रिसीव्हर आणि लाइनमन घेता येतात. पण त्यामुळे मुलाला बाकावर बसवून शिकवणं परवडेनासं झालं. ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फाव्हरच्या मागे बसला, माहोम्स एक वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे. ब्राइस यंग मात्र पहिल्या सामन्यापासून मैदानात, आणि दुसऱ्या मोसमात दोन सामने होताच बाकावर.

आणि @तिसरा_डाऊन, न्यूटनचे ऑबर्नमध्ये १४ च स्टार्ट होते. २०१५ चा सर्वोत्तम खेळाडू तोच.

तिसरा_डाऊन

न्यूटनचा अपवाद मान्य. त्याआधीचा मोसम तो ब्लिन या दोन वर्षांच्या कॉलेजातून पूर्ण खेळला होता, ती टेप त्याच्या १४ सामन्यांत धरली जात नाही. तरीही आकडा कमीच, हे खरं.

@पश्चिमवारा, २६१ वेळा का टाळलं? कारण पर्डीची उंची जेमतेम ६ फूट १ इंच, हात साधा, आणि शेवटच्या दोन वर्षांत त्याचे काही इंटरसेप्शन फार वाईट होते. तुमच्या एका मुद्द्यापुढे मात्र मी नमतो. लान्सच्या चार स्टार्टांवरून मी निकाल लावायला नको होता. त्याच्याबद्दल म्हणता येईल ते एवढंच, की निवडताना पुरावा अपुरा होता आणि किंमत पूर्ण पुराव्याची मोजली गेली.

पुढच्या ड्राफ्टआधी एक करूया का? प्रत्येकाने एकेक क्वार्टरबॅक घ्यायचा, तिसऱ्या डाऊनचे ७ यार्डांवरचे सगळे थ्रो काढायचे, आणि चारच रकाने भरायचे: पहिला रिसीव्हर बंद होता का, पाय वळले का, नजर खाली गेली का, चेंडू कुठे गेला. @लांबपल्ला, दूरच्या हॅशवरच्या आउटचा पाचवा रकाना तुमच्याकडे. @पश्चिमवारा, तुम्ही त्याच्या लाइनचे आणि कोऑर्डिनेटर बदलांचे रकाने जोडा. निवड होण्याआधीच इथे टाकू, म्हणजे मागून बघितलं असं कोणाला म्हणता येणार नाही.

पश्चिमवारा

चालेल. फक्त आणखी एक रकाना: त्याला घेणाऱ्या संघात कोऑर्डिनेटर किती वर्षं टिकलाय. तो ड्राफ्टच्या रात्री भरू.