रेम्ब्रांटची सावली जमेना, चेहऱ्याचा तवा झालाय

रातराणी_वाहक

नमस्कार मंडळी. एसटीत 33 वर्षं वाहक होतो. निवृत्त झाल्यावर रंगपेटी घेतली. आधी जलरंग, आता दोन वर्षं तैलरंग. गुरू कोणी नाही, त्यामुळे चुका सगळ्या स्वतःच्या.

गेल्या वर्षी लेकीकडे नेदरलँड्समध्ये ॲम्स्टलव्हीनला गेलो होतो. जावयांनी ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम दाखवलं. सगळी गर्दी रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ ह्या भल्यामोठ्या चित्रापुढे आणि मी अडकलो शाळेच्या पाटीपेक्षा लहान अशा एका चित्रापुढे. रेम्ब्रांट ह्या जुन्या डच चित्रकाराने वयाच्या बाविशीत, 1628 च्या सुमारास, लायडनला असताना काढलेलं स्वतःचंच चित्र. जेमतेम 22.6 बाय 18.7 सेंटिमीटर. पहिल्यांदा वाटलं, ह्याला तोंडच नाही. पिंजारलेले केस, मानेवर आणि एका गालावर उजेड, नाकाच्या शेंड्यावर थोडासा, बाकी अंधार. जरा वेळ उभा राहिलो आणि दचकलोच. त्या अंधारातून पोरगा सरळ माझ्याकडे बघत होता!

हा उजेड मला नवा नाही. रातराणीत आतले दिवे मालवले, सगळे पेंगायला लागले, की घाटात समोरून ट्रक येतो. खिडकीजवळच्या पाशिंजराच्या गालावरून उजेडाची एक पट्टी सरकत जाते. तो जागा आहे की झोपलाय, ते क्षणभर कळत नाही. मला तेच काढायचं होतं.

म्हणून घरी आरसा लावून 12 बाय 16 इंचाच्या कॅनव्हासवर स्वतःचं तोंड काढायला बसलो. तीन आठवडे खपलो. आयव्हरी ब्लॅक, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), थोडा लाल. सावलीची बाजू नुसता काळा ठिपका झालीय. काही ठिकाणी चकाकते, काही ठिकाणी राख फासल्यासारखी मेलेली. डोळ्यांत पांढरा घातला तर भूत दिसतो, नाही घातला तर डोळेच नाहीत. बायको म्हणाली, “अहो, हा तव्याचा बूड कोणाचा काढलाय?”

अंधारात असूनही दिसणारे डोळे काढतात कसे?

कडीपत्ता

काका, रातराणीचं वर्णन एकदम फक्कड! फोटो टाका ना. आणि मागची भिंत कुठल्या रंगाची केलीय? बसता तेव्हा खोलीत दिवे किती?

रातराणी_वाहक

फोटो टाकलाय, हसू नका. भिंत काळीच केली. रेम्ब्रांट म्हणजे काळं, असंच डोक्यात होतं. खिडकी डावीकडे आहे, पण बसतो संध्याकाळी, त्यामुळे डोक्यावर ट्यूबलाइट असते.

दुसरा_हात

दादा, फोटो पाहिला. रेखाटन चांगलं आहे, नाक तर फारच छान. मी कोल्हापुरात संध्याकाळचे वर्ग घेतो. दर वर्षी निम्मे विद्यार्थी हाच तवा करून आणतात.

आधी ट्यूबलाइट बंद करा. खिडकीने पाडलेली सावली वरची ट्यूब पुसून टाकते. मग तुम्ही न दिसणारी सावली मनाने काळी करत बसता. सकाळी बसा, एकच खिडकी उघडी ठेवा. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड जास्त वाटला तर त्या बाजूला गडद चादर टांगा.

आता ते चित्र पुन्हा आठवा. मागची भिंत काळी नाही. ती उजळ आहे, म्हणून तर डोक्याचा आकार अंधारात असूनही कळतो. काळ्यावर काळं ठेवलं तर जाणार कुठे?

खरी गोष्ट थरांची आहे. उजेड जाड, सावली पातळ. उजळ भागात रंग दाट आणि अपारदर्शक लावायचा, चेहऱ्याच्या सावलीत तपकिरी रंग इतका पातळ की खालचा थर आतून जाणवावा. तुम्ही उलट केलंय, सावलीतच लिंपण केलंय. पुढच्या वेळी कॅनव्हासवर आधी यलो ऑकर-अंबरचा पातळ हात मारा, तो वाळू द्या. सावली त्याच्यावर अंबरनेच बांधा, काळा जवळजवळ नको. तसाही आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो आणि अंबर लवकर. काळ्यावर अंबर चढवलात तर पुढे भेगा पडतील.

डोळ्याचा पांढरा भाग सावलीत पांढरा नसतो. डोळे बारीक करून आरशात बघा, तो गालाच्या सावलीहून जेमतेम एक पायरी उजळ असतो. तेवढीच पायरी द्या.

राखेसारखे डाग म्हणजे रंग ‘बसलाय’, खालच्या थराने तेल पिऊन टाकलंय. पूर्ण वाळल्यावर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन मिसळून चिंधीने अगदी हलकं चोळा, उरलेलं पुसून घ्या. खरा काळेपणा मग दिसेल.

टिटॅनियम व्हाइटही थंड, म्हणजे निळसर पडतो, त्यात ऑकरचा थेंब टाका. रेम्ब्रांटकडे शिशाचा पांढरा होता. विषारी आहे, त्याच्या मागे लागू नका.

पाटणकरांचा_नातू

पण तो काळपटपणा जुन्या वार्निशचा नाही का? ‘नाइट वॉच’ मुळात दिवसाचं दृश्य आहे म्हणे.

दुसरा_हात

‘नाइट वॉच’बद्दल खरं आहे. 1642 चं चित्र, वार्निश काळवंडलं आणि लोकांना रात्र वाटायला लागली. पण ह्या छोट्या चित्रातला अंधार रेम्ब्रांटने हाताने ठेवलेला आहे. पुरावा केसांत बघा: रंग ओला असताना ब्रशच्या दांड्याने त्याने कुरळ्या बटा खरवडल्यात. केसांवर उजेड किती आणि कुठे, ह्याचा इतका हिशेब करणारा माणूस डोळे चुकून अंधारात टाकणार नाही.

रातराणी_वाहक

दोन महिन्यांनी लिहितोय, माफ करा. भिंत उजळ केली, सावली अंबरची आणि पातळ. काळ्या रंगाची ट्यूब कपाटात ठेवलीय. दांड्याने केस खरवडायला फार मजा येते, पण मला केसच कमी, त्यामुळे दोनदाच मिळाली.

एक कळलं. मी म्युझियमच्या साइटवरून उतरवलेलं चित्र फोनवर ब्राइटनेस वाढवून वाढवून बघत होतो. त्यामुळे डोळे लगेच दिसायचे आणि मी माझेही तसेच लगेच दिसणारे काढायचो. तिथे प्रत्यक्षात मला थांबावं लागलं होतं, हेच विसरलो होतो.

काल बायको चहा घेऊन आली. कप हातात धरून चित्रापुढे उभी राहिली. म्हणाली, “अगंबाई, बघताय की!” मग जरा वेळाने, “पण हा कान शेजारच्यांचा आहे.”

दुसरा_हात, कानाचं काही सांगाल का?