सातवीच्या मुलांना यहुदी धर्म कुठून सांगायला सुरुवात करू?

शाळेतल्या बाई (ता. कोरेगाव, जि. सातारा)

आमच्या शाळेत दर शनिवारी एक तास ‘वेगवेगळे धर्म’ असा घेते. पुढच्या शनिवारी यहुदी धर्म आहे. परवा एका मुलानं विचारलं, "बाई, ज्यू म्हणजे हिटलरनं मारले ते ना?" सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी हो म्हटलं, पण मनाला फार लागलं. एका समाजाची एवढीच ओळख बारा वर्षांच्या पोरानं घेऊन जावी का? अब्राहाम, मोशे, दहा आज्ञा हे मी वाचलंय. पण आमच्या मुलांनी सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ) सोडा, समुद्रही पाहिलेला नाही. त्यांना हे जवळचं कसं वाटेल?

कृष्णाकाठ (सांगली)

बाई, समुद्रापासूनच सुरुवात करा. माझं लहानपण अलिबागला गेलं, लग्न होऊन सांगलीला आले. आमच्या शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातलं, कुटुंब होतं. घरात अस्सल मराठी. अशी आडनावं फळ्यावर लिहा: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, पेणकर. मुलं म्हणतील ही आपलीच माणसं. मग सांगा, हे यहुदी आहेत.

त्यांची परंपरा अशी, की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात बायका नि सात पुरुष वाचले. पोथ्या समुद्रात गेल्या. राहिलं ते जिवात मुरलेलं: मुलाची सुंता, खवलं नसलेला मासा न खाणं (पापलेट चालतं, कोळंबी-खेकडा नाही), ‘शेमा’ ही प्रार्थना, आणि शनिवारची सुट्टी. तेल गाळायचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून कोकणात नाव पडलं शनिवार तेली. तुमचा तास शनिवारीच आहे, यापेक्षा चांगला धागा कुठला हवा?

शुक्रवार संध्याकाळ मला अजून दिसते. शेजारच्या त्या मावशींचा दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाकसुद्धा झालेला असायचा, कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. काचेच्या ग्लासात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. दिवस मावळायच्या आत ती लावायच्या, दोन्ही हातांनी डोळे झाकून हिब्रूत पुटपुटायच्या. हात काढले की आम्हा पोरांकडं बघून हसायच्या. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, कारण मांस नि दूध एकत्र चालत नाही. दाराच्या चौकटीला तिरकी छोटी डबी, तिच्यात चामड्यावर हातानं लिहिलेला शेमा: हे इस्रायला, ऐक, परमेश्वर एकच आहे. जाता-येता बोटं तिला लावून ओठांना लावायचे. नवस फेडायला मलिदा करायचे, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हनाबी या त्यांच्या संदेष्ट्याचं नाव घ्यायचे. तो प्रसाद आम्हालाही मिळायचा.

एवढं झालं की मग मोशे सांगा. मिसरात (इजिप्तमध्ये) विटा थापणारे गुलाम, तिथून सुटका, सिनाय पर्वतावर आज्ञा. सातव्या दिवशी चाकरानं आणि जनावरानंही विसावा घ्यायचा, हे त्या आज्ञेतच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला हे दोनदा सांगावं लागणार नाही.

पंचांगवाले (सातारा)

त्यांचे महिने चंद्राचे, पण सण ऋतूला धरून, म्हणून त्यांच्यातही अधिक मास असतो. १९ वर्षांत ७ वेळा. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. नवं वर्ष पुष्कळदा आपल्या घटस्थापनेच्या आसपास येतं, आणि गुलामीतून सुटल्याचा पेसाह चैत्री पौर्णिमेच्या आसपास. फळ्यावर दोन्ही महिने शेजारी मांडा, मुलं स्वतःच शोधतील.

मिरजेचा विद्यार्थी

एक विनंती. ‘सगळं आपल्यासारखंच’ असं करू नका. मूर्ती नाही, देवाचं चित्र नाही, हे त्यांच्या श्रद्धेचं हाड आहे. यरुशलेमचं मंदिर रोमन सैन्यानं इ.स. ७० मध्ये पाडलं, त्यानंतर तोरा, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची हातानं लिहिलेली गुंडाळी, हाच त्यांचा आधार झाला. घरोघर, गावोगाव वाचून धर्म टिकला. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेनं दहा प्रौढ पुरुष लागतात. पुण्याला सहल नेलीत तर कॅम्पातलं लाल देऊळ (ते सिनेगॉगच आहे) दाखवा, १८६७ चं. आणि हिटलरनं सुमारे साठ लाख यहुदी माणसं मारली, तेही लपवू नका. फक्त शेवटी सांगा, आधी ती माणसं कोण होती ते कळू द्या.

कृष्णाकाठ

हे बरोबर आहे. मावशींचं घर १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेलं, त्या शेवटी गेल्या. अलिबागची इस्रायल आळी अजून त्याच नावानं आहे. पुण्यात १८७४ मध्ये पेसाहची पोथी मराठीसकट छापली गेली, हेही वर्गात सांगा.

शाळेतल्या बाई

तास झाला. ग्लासात पाणी, तेल, वात घेऊन गेले होते. पाण्यावर तेल कसं राहतं, त्यावरच दहा मिनिटं गेली. ‘शनिवार तेली’ ऐकल्यावर आमच्या गावातल्या तेल्याच्या नातवानं हात वर केला: "बाई, आमचा घाणा सोमवारी बंद असायचा. आजोबांना विचारून येतो का ते." पुढच्या शनिवारी तो सांगणार आहे. हिटलर त्या दिवशी आला नाही. त्यासाठी वेगळा तास ठेवलाय.