मनगटं नंतर, आधी पाठ आणि पाय

ताई, गोल्फमधला ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) आणखी लांब जावा म्हणून तुमच्या 13 वर्षांच्या मुलाला डंबेल्सनं मनगटं कमवायला लावायची का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता नको. चेंडू लांब जातो क्लबहेडच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या (क्लबच्या) चेंडूला लागणाऱ्या टोकाच्या वेगानं, आणि तो वेग पायांतून सुरू होऊन नितंब, छाती, दंड असा शेवटी मनगटात येतो.

आधी एक तपासणी. खुर्चीवर गुडघे जुळवून बसवा, छातीवर आडवी काठी धरायला लावा आणि गुडघे न हलवता दोन्हीकडे वळू द्या. 45 अंशांपर्यंत जात नसेल तर पाठीचा वरचा भाग आखडलाय. अशी मुलं बॅकस्विंग (फटक्याआधी क्लब मागे नेणं) पुरा करायला कमरेतून पीळ घेतात. मग क्लब चेंडूच्या वरच्या भागावर लागतो आणि कंबर धरते ती वेगळीच.

ताकदीसाठी 2 किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) पुरे. भिंतीला खांदा करून दीड मीटरवर उभं राहायचं, भार मागच्या पायावर, आधी नितंब फिरवायचं, मग हात, आणि बॉल भिंतीवर फेकायचा. दोन्ही बाजूंनी 6-6 फेकी, 3 सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती, आठवड्यातून दोनदा. फेक मंदावली की थांबा. दमल्यावर शरीर संथपणाच शिकतं.

गोल्फच्या मैदानावर पळायला नेताय ते चांगलंच, 18 होलचा पूर्ण डाव चालायला दम लागतो. स्विंगचा (क्लब फिरवण्याचा) वेग मात्र त्यानं वाढत नाही.

उंची झपाट्यानं वाढत असेल तर टायमिंग बिघडणारच, तेव्हा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मारायचे चेंडू कमी करा. मागे वाकताना कंबर दुखणं दोन आठवडे टिकलं, तर क्लब ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.