निक ड्रेकचा ‘पिंक मून’ १९७२ मध्ये दुर्लक्षित का राहिला?

निशिगंध

निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराचा ‘पिंक मून’ हा तिसरा आणि अखेरचा अल्बम गेले काही आठवडे मी रोज रात्री ऐकते आहे. अकरा गाणी, जेमतेम २८ मिनिटांचा अवधी, एक गळा आणि एक गिटार, एवढाच त्याचा ऐवज आहे. फेब्रुवारी १९७२ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने तो काढला तेव्हा त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. किंबहुना ड्रेकच्या हयातीत त्याच्या तिन्ही अल्बमांपैकी एकाच्याही पाच हजारांहून अधिक प्रती खपल्या नाहीत, असे सर्वत्र नोंदलेले आढळते. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी तो गेला. आज मात्र फोक-रॉकमधील श्रेष्ठ अल्बमांची चर्चा ‘पिंक मून’चे नाव घेतल्यावाचून पुरी होत नाही. तेव्हाच्या श्रोत्यांना यात नेमके काय उणे वाटले असावे? आणि आजची कीर्ती त्या संगीताची आहे, की अकाली मृत्यूच्या कहाणीची?

खर्ज

मी बरीच वर्षे गिटार वाजवतो, म्हणून वादनाच्या अंगाने सांगतो.

आधीचा ‘ब्रायटर लेटर’ १९७१ मध्ये आला. त्यात रॉबर्ट कर्बीचे वाद्यवृंद-संयोजन होते, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचे वादक होते, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडमधला जॉन केलही होता. एवढा सरंजाम असूनही तो अल्बम चालला नाही आणि निर्माता जो बॉइड नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसला निघून गेला. त्यानंतर ऑक्टोबर १९७१ मध्ये ड्रेक लंडनच्या चेल्सी भागातील साउंड टेक्निक्स स्टुडिओत फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड याच्यासह बसला आणि दोन रात्रींत ‘पिंक मून’ मुद्रित करून मोकळा झाला. वरून जोडलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शीर्षकगीतातील पियानो, आणि तोही त्यानेच वाजवलेला.

अल्बम न खपण्याचे मोठे कारण माझ्या मते अगदी व्यावहारिक आहे. त्या काळी असे गायक गावोगावच्या क्लबांत आणि महाविद्यालयांत गाऊनच आपला श्रोता जमवत असत. ड्रेकने मात्र जाहीर कार्यक्रम जवळजवळ सोडून दिले होते आणि मुलाखतींचेही त्याला वावडे होते. कार्यक्रम न रंगण्याचे एक कारण त्याच्या गिटारच्या तारांतच आहे. शीर्षकगीत वाजवायचे तर नेहमीच्या जुळणीतील, म्हणजे तारा ज्या स्वरांत लावतात त्या रचनेतील, खालच्या स्वराच्या चार जाड तारा उतरवाव्या लागतात (तारा जाड बाजूने मोजतो आहे), पाचवी अर्धा स्वर चढवावी लागते आणि फक्त सहावी तशीच राहते, म्हणजे खालून वर सी-जी-सी-एफ-सी-ई अशी जुळणी होते. त्यावर दुसऱ्या पट्टीला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावायचा. पुढच्या गाण्याची जुळणी वेगळी असली की पुन्हा सगळ्या तारा लावत बसायचे, आणि तोवर समोरची मंडळी आपापसांत बोलू लागायची.

सी पर्यंत उतरवलेली ती जाड तार अंगठ्याखाली ढिली लागते आणि जरा जोर झाला की फरफरते. ड्रेकचा अंगठा तीवर एकदाही अडखळत नाही. मन खचलेल्या माणसाने कसेबसे उरकलेले मुद्रण म्हणून या अल्बमकडे पाहणाऱ्यांना मी एवढेच सुचवेन की ‘रोड’ आणि ‘थिंग्ज बिहाइंड द सन’ ही गाणी केवळ गिटारसाठी एकदा ऐकावीत. नैराश्याचा आजार खराच होता, पण हात पूर्ण ताब्यात होते, आणि साथसंगत काढून टाकण्याचा निर्णय हा कलावंताचा विचारपूर्वक निर्णय होता.

पारिजात

खर्ज यांच्याशी मी सहमत आहे, फक्त उत्तरार्धाची भर घालतो. १९७९ मध्ये ‘फ्रूट ट्री’ या नावाने त्याचे अल्बम एका संचात पुन्हा निघाले आणि मोजक्या रसिकांत नाव टिकून राहिले. खरी उसळी आली ती फोक्सवॅगनच्या जाहिरातीने. १९९९ च्या अखेरीस आलेल्या त्या जाहिरातीत चांदण्यातून गाडीने निघालेली चार तरुण मंडळी पार्टीच्या दारापर्यंत पोहोचतात आणि आत न जाता माघारी वळतात. पाठीमागे ‘पिंक मून’ चालू असते. त्यानंतर २००० या एका वर्षात अमेरिकेत अल्बमच्या सत्तर हजारांहून अधिक प्रती खपल्या. जाहिरात पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याच्या मृत्यूची कहाणी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी काही सेकंदांचे गाणे ऐकले आणि तेवढ्यावर अल्बम विकत घेतला, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, असे मला वाटते.

आणखी एक. ड्रेकचा जन्म १९४८ चा, रंगूनचा. त्याचे वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते, आणि हे कंपनीचे नाव मुंबईकरांच्या कानांवरून गेलेले असते. आई मॉली घरच्या पियानोवर स्वतःची गाणी रचून गात असे. तिची घरगुती मुद्रणे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. ती ऐकली की एक आवाज आणि एक वाद्य ही ‘पिंक मून’ची मांडणी त्याने लहानपणापासून दिवाणखान्यात ऐकलेली होती, हे लगेच लक्षात येते.

निशिगंध

दोघांचेही मनापासून आभार. काल खर्ज यांनी सांगितल्याप्रमाणे शब्दांकडे लक्ष न देता ‘रोड’ ऐकले. वरच्या तारांवरची लहान आवर्तने आणि खालचा खर्ज ही दोन माणसांची कामे वाटावीत इतकी स्वतंत्र चालतात. मग शेवटचे ‘फ्रॉम द मॉर्निंग’ लावले. टॅनवर्थ-इन-आर्डन या इंग्लंडमधल्या त्याच्या गावच्या चर्चच्या आवारात त्याच्या समाधिशिलेवर याच गाण्यातील ओळ कोरलेली आहे, त्यामुळे आजवर मी ते निरोपाचे गाणे म्हणूनच ऐकत आले होते. काल मात्र त्याची चाल अल्बमभर सर्वांत उजळ असल्याचे जाणवले. या गाण्याची जुळणी कोणती, तेही खर्ज यांनी सवडीने लिहावे, कारण गिटार मी कालच माळ्यावरून खाली काढली आहे.