नागपुरात रेशीमबागेजवळ १९८८ चं घर, किंमत ६८ लाख, वर १२ लाखांची दुरुस्ती: पहिलं घर म्हणून घ्यावं का?

त्रिमूर्तीनगरचा_भाडेकरू
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही नोकरी करतो, १४ हजार भाडं भरतो. दीड वर्षात बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर सगळं पालथं घातलं आणि मन बसलं ते रेशीमबागेजवळच्या एका जुन्या घरावर. १,२०० चौरस फुटांचा प्लॉट, खाली तीन खोल्या, वर एक. मालक ६८ लाख म्हणतात. ठेकेदाराने दुरुस्तीचे १२ लाख सांगितले.

अवस्था लपवत नाही. मागच्या खोलीत छताचं प्लास्टर ताटाएवढं पडलंय, दोन सळया उघड्या आहेत. एकीला नख लावलं तर गंजाचा पापुद्राच हातात आला. कूलरच्या खिडकीखालची भिंत ओलीने फुगलीय. समोरचा सिमेंट रोड जोत्यापेक्षा वीतभर उंच आहे.

तरी मन बसलं ते बाबांमुळे. ते उमरेडला एकटे असतात, गुडघे गेलेत. या घराला पुढे वट्टा आहे, त्यावर कडुलिंबाची सावली. पाहायला गेलो तेव्हा बाबा तिथे टेकले आणि अर्धा तास उठलेच नाहीत. आमच्याकडे शिल्लक २१ लाख. रविवारपर्यंत बयाणा द्या म्हणतात. काय करावं?

नंदनवनची_काकू
घ्या. आम्ही असंच पडकं घर घेतलं होतं. पहिल्या वर्षी फक्त गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग केलं, दुसऱ्या वर्षी संडास-बाथरूम, फरश्या तर पाचव्या वर्षी. लोक नावं ठेवायचे. पण जमीन आपली आहे, पोरं अंगणात वाढली. फ्लॅटमध्ये तुमच्या वाट्याला चार भिंती आणि दर महिन्याची मेंटेनन्सची पावती येते.

कर्जविभाग
काकू, तुमच्या वेळचा हिशेब आज लागत नाही. मी गृहकर्जाचं काम रोज करतो, म्हणून आकडेच मांडतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे ६८ वर ५४ लाख ४० हजार. खिशातून १३ लाख ६०. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीला बँक पैसे देत नाही, ते वहिनींच्या नावावर १ टक्का सवलत घेऊनही साडेचार लाखांच्या घरात जाईल. २१ मधून १८ गेले. उरले ३. दुरुस्ती १२ ची.

आणि हे सगळं बँकेच्या व्हॅल्युअरने ६८ मान्य केले तर. जुन्या घराचं मूल्यांकन बहुतेक वेळा कमीच येतं. त्याने ६० लिहिले की कर्ज ४८ वर येतं, आणि मग तुमचे २१ लाख खरेदीलाच पुरत नाहीत. दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मिळतं, पण जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजाची वजावट वर्षाला ३० हजारांपुरतीच, तीही गृहकर्जाच्या व्याजाला असलेल्या २ लाखांच्या मर्यादेच्या आत. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ४७ हजार, वर दुरुस्ती होईतो १४ हजार भाडं चालूच. माझं मत: घेऊ नका.

गिट्टी_रेती
मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. कर्जविभाग यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून घर नाकारायची घाई होतेय. ठेकेदाराने १२ लाख कशावरून काढले? त्याने ठोकून पाहिलं का? त्याचा आकडा म्हणजे टाइल्स, रंग आणि वर प्लास्टरचा एक हात.

दोन गोष्टी वेगळ्या करा. छताची सळई गंजते तेव्हा ती फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. वर नुसतं प्लास्टर मारलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा पडतं. सैल भाग फोडून, सळई घासून, जिथे ती फार झिजली तिथे नवी जोडून भरावं लागतं. हे खर्चिक आहे, पण होतं. हातोडीने सगळं छत ठोकायचं: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की आतून सुटलेलं.

दुसरी गोष्ट पायाची, ती मला जास्त छळते. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि उथळ पायाचं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय का ते पाहा. असेल तर त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवा, तारीख लिहा. पट्टी तडकली तर घर अजून हलतंय. मे महिन्यात रुंदावणारा आणि ऑगस्टमध्ये मिटणारा तडा हा मातीचा असतो, त्याला पुट्टी लावून उपयोग नाही.

आणखी एक. ३० वर्षं उलटलेल्या इमारतीचं संरचना परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेणं कायद्याने मालकावर आहे. अहवाल मागा. नसेल तर तो खर्च किमतीतून कमी करायला सांगा.

एकदा_पोळलेला
भाऊ, काहून घाई करता? मी हेच करून बसलो. सांगितले होते ९ लाख, गेले १७. फरशी उखडली तर खालची जुनी लोखंडी पाइपलाइन सडलेली, भिंत फोडली तर वायरिंगचं प्लास्टिक हातात चुरा होऊन येत होतं. पाच महिन्यांचं काम चौदा महिने चाललं. बायको सातव्या महिन्यात होती, आम्ही बाळ घेऊन भाड्याच्याच घरात आलो. हप्ता चालू, भाडं चालू, मिस्त्री गायब. त्या वर्षी आमच्या दोघांत जे भांडण झालं ते अजून पूर्ण मिटलं नाही. इंजिनियरसाहेब म्हणतात ‘होतं’. होतं हो, पण ते होईतो माणूस कुठे राहतो?

गिट्टी_रेती
तुमचं दुःख खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की पाइप आणि वायरिंग ३० वर्षांच्या घरात बदलायचंच असतं, ते अंदाजात धरलंच पाहिजे होतं. म्हणून म्हणतो, आधी तपासा, मग ठरवा.

बेसा_रोड
आम्ही बांधकाम चालू असताना फ्लॅट घेतला. त्यावर ५ टक्के जीएसटी लागला, जुन्या घराला तो लागत नाही, हे लक्षात घ्या. उन्हाळ्यात टँकर मागवतो. पण ताबा मिळाला त्या दिवशी आम्ही दूध उतू घातलं आणि राहायला लागलो. लिफ्ट आहे, काकांचे गुडघे तिथेही सांभाळले जातील.

नंदनवनची_काकू
लिफ्ट बंद पडली की? आणि म्हाताऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर बसून कोण भेटतं? ते वट्ट्यावर उठले नाहीत याचा अर्थ कोणी लावतच नाही इथे.

एकदा_पोळलेला
काकू, मी अर्थ लावला म्हणूनच सांगतो. वट्टा आज आहे. पैसे संपले की काकांना त्या वट्ट्यावर सिमेंटच्या पोत्यांत बसावं लागेल.

जोत्याखाली
सगळे स्लॅबवर बोलून राहिले, रस्त्यावर कोणीच नाही. रोड वीतभर उंच म्हणजे जोराच्या पावसात पाणी घरात. आमच्याकडे दरवर्षी दारात विटांचा बांध घालतो. जोतं उचलणं म्हणजे दारं, खिडक्या, मोरी सगळं वर घेणं, आणि छत तेवढंच ठेंगणं होणं. १२ लाखांत हे आहे का? आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठी घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा या गल्लीत किती चढलं ते शेजाऱ्यांना विचारा. मालकाला नको.

कर्जविभाग
आणि कागद. त्या बाजूला नागपूर सुधार प्रन्यास या सरकारी संस्थेच्या लीजचे, म्हणजे भाडेपट्ट्याचे, प्लॉट बरेच आहेत. लीजची मुदत, नूतनीकरण, हस्तांतरणाची परवानगी, सगळ्या वारसांच्या सह्या, हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

त्रिमूर्तीनगरचा_भाडेकरू
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बयाणा न नेता इंजिनियर घेऊन गेलो. पुढच्या दोन खोल्यांचं छत खणखणीत वाजलं. मागचं सगळंच बद्द, ते पूर्ण पाडून ओतावं लागेल म्हणाले. जिन्याच्या भिंतीला तिरका तडा आहे, त्यावर काचेची पट्टी लावली, तारीख लिहिली. शेजारच्या आजी म्हणाल्या, त्या पहाटे पाणी पहिल्या पायरीपर्यंत आलं होतं, आत नाही. लीजचे कागद वकिलांकडे दिलेत.

मालकांना सांगितलं, पट्टी पावसाळाभर टिकली आणि कागद नीट निघाले तर ६०, त्याहून जास्त जमणार नाही. ६० मध्ये १२ आमचे, चार मुद्रांकाचे, उरलेल्या पाचात मागची खोली आणि वायरिंग, बाकी काकूंसारखं वर्षावर्षाने. जोतं उचलायचं मात्र या हिशेबात बसत नाही, ते मान्य करतो. मालक नाराज झाले, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाले. आज पाचवा दिवस, फोन नाही. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

एकदा_पोळलेला
फोन तुम्ही करू नका. गेलं तर जाऊ द्या.

नंदनवनची_काकू
मी असते तर ६२ पर्यंत गेले असते. पण पट्टीचं मात्र बरोबर केलंत.